सेरामपूरची बाप्टिस्ट मंडळी : सामुदायिक जीवन आणि सेवाकार्य (१८०० ते १८३७)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास लिहिताना सेरामपूरचा उल्लेख टाळता येत नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये तेथून प्रसिद्ध झाले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये तेथेच छापला गेला आणि त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ यांसारखी वैजनाथ शर्मा यांच्या हातची भाषांतरेही याच छापखान्यातून बाहेर पडली. बंगालमधील हुगळीकाठच्या या गावाचे मूळ नाव श्रीरामपूर. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. गोंधळ टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘सेरामपूर’ हे मराठी वाङ्मयेतिहासात रूढ असलेले रूप वापरले आहे.

सेरामपूरचा छापखाना मराठी अभ्यासकांना परिचित आहे. हा छापखाना ज्या मंडळीच्या वाड्यात उभा होता, त्या मंडळीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. तेथील बाप्टिस्ट मंडळी ही केवळ उपासनेसाठी आठवड्यातून एकदा जमणारी सभा नव्हती. एक सामायिक चूल, एक सामायिक खजिना आणि स्वजातीने वाळीत टाकलेल्या माणसांचे एक नवे गोत असे तिचे स्वरूप होते. हे गोत कसे बांधले गेले, त्यातून शाळा, दवापाणी व उपजीविकेची साधने कशी उभी राहिली आणि हीच व्यवस्था पुढे कोणत्या कारणांनी खचली, याचा विचार येथे करण्यात आला आहे.

या विषयाच्या साधनांबद्दल आरंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मंडळीविषयीची बहुतेक सर्व माहिती मिशनऱ्यांच्या दैनंदिन्या, पत्रे आणि इंग्लंडमध्ये छापल्या जाणाऱ्या नियतकालिक वृत्तांतांतून मिळते. हे वृत्तांत वर्गणीदारांसाठी लिहिले जात असत. साहजिकच त्यांत यशाची नोंद ठळक आणि अपयशाची नोंद ओझरती असते. बंगाली सभासदांचे बोलणेही इंग्रजी भाषांतरातूनच आपल्यापर्यंत पोहोचते. असे असले तरी विल्यम वॉर्ड यांच्यासारखा मनुष्य रोजनिशी लिहिताना पंगतीत कोण कोणाशेजारी बसले हेसुद्धा टिपतो, आणि अशाच बारीक नोंदी इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतात.

डॅनिश वसाहतीचा आश्रय

बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधील केटरिंग या गावी झाली. पहिल्या दिवशी जमलेली वर्गणी अवघी तेरा पौंड, दोन शिलिंग आणि सहा पेन्स होती. नॉर्थम्प्टनशायरमधील एक चांभार आणि पुढे पाळक झालेले विल्यम कॅरी हे नोव्हेंबर १७९३ मध्ये जॉन थॉमस या शल्यवैद्यासह बंगालमध्ये उतरले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्यांना राहू देत नसे. त्यामुळे कॅरी यांनी माल्द्याजवळ मदनावती येथे निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी पत्करून पाचसहा वर्षे काढली. या काळात एकही बंगाली मनुष्य मंडळीत आला नाही.

ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड, डॅनियल ब्रन्सडन आणि विल्यम ग्रँट हे आले, ते थेट सेरामपूरला उतरले. सेरामपूर १७५५ पासून डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि कागदोपत्री त्याचे नाव फ्रेडरिक्सनगर असे होते. तेथील गव्हर्नर कर्नल ओले बी यांनी त्यांना संरक्षण दिले. इंग्रजांच्या मागणीपुढे ते नमले नाहीत. ग्रँट तर उतरल्यापासून तीन आठवड्यांच्या आतच वारले. अखेर कॅरी स्वतःच १० जानेवारी १८०० रोजी मदनावती सोडून सेरामपूरला आले. इंग्रज धर्मप्रचारकांना इंग्रजांच्या राज्यात जागा मिळू नये आणि ती डॅनिश झेंड्याखाली मिळावी, हा त्या काळाच्या राजकारणाचा एक नमुनाच म्हणावा लागेल.

एक चूल, एक खजिना

नदीकाठी सुमारे दोन एकर आवाराचे एक मोठे घर सहा हजार रुपयांना विकत घेण्यात आले. मधले दालन उपासनेसाठी ठेवून बाजूच्या खोल्यांत कुटुंबे राहू लागली. जानेवारी १८०० मध्येच सर्वांनी मिळून काही नियम ठरविले. जेवण एकत्र व्हावे. कोणीही स्वतःसाठी खासगी व्यापार करू नये. प्रत्येकाची कमाई सामायिक निधीत जमा व्हावी आणि त्यातून प्रत्येकास बेताचा हातखर्च मिळावा. घराचा कारभार प्रत्येकाने पाळीपाळीने महिनाभर पाहावा, असे त्यांचे स्वरूप होते. कॅरी यांच्याकडे खजिना आणि औषधांची पेटी देण्यात आली. एप्रिलमध्ये मंडळीची रीतसर स्थापना होऊन कॅरी पाळक झाले.

या नियमांतील सर्वांत व्यवहारी नियम शनिवारच्या संध्याकाळचा होता. आठवडाभरात एकत्र राहताना जे रुसवेफुगवे, जे वाद होतील ते शनिवारी संध्याकाळी सर्वांसमोर काढून मिटवावेत आणि रविवारची उपासना निर्मळ मनाने करावी, असे ठरले होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकास या नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको. युरोपातील मोरेव्हियन पंथाच्या वसाहतींचा आदर्श या मंडळींपुढे होता. पण तेथील शिस्त एका वडीलधाऱ्या प्रमुखाच्या हाती असे, तर सेरामपूरला सर्वांचा दर्जा समान मानण्यात आला.

निधी भरला तो मुख्यतः तीन मार्गांनी. जोशुआ आणि हॅना मार्शमन यांनी मे १८०० मध्ये युरोपीय मुलांसाठी वसतिगृहयुक्त शाळा उघडली व ती लवकरच उत्पन्नाचे भक्कम साधन झाली. वॉर्ड यांच्या देखरेखीखालील छापखाना हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग म्हणजे कॅरी यांचा पगार. १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची बंगाली व संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि पुढे मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. आरंभी दरमहा पाचशे रुपये आणि १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळाल्यावर हजार रुपये असे त्यांचे वेतन होते. त्यातील अगदी थोडा भाग स्वतःपुरता ठेवून बाकी सर्व रक्कम निधीत जाई. कंपनीच्या नव्या अधिकाऱ्यांना मराठी शिकविल्याचे वेतन अशा रीतीने सेरामपूरच्या चुलीला लागत होते.

७ ऑक्टोबर १८०५ रोजी या सर्व तत्त्वांना अकरा कलमांच्या एका करारनाम्याचे रूप देण्यात आले. तो वर्षातून तीन वेळा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक ठाण्यावर वाचावा असे ठरले. धर्मांतरितांना उपजीविकेचे साधन मिळवून देणे हे मिशनऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि देशी माणसांच्या हातीच अखेर मंडळ्यांचा कारभार गेला पाहिजे, हे दोन मुद्दे त्यात स्पष्टपणे आले आहेत. धर्मांतरितांची नावे बदलू नयेत, असाही निर्णय झाला. प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपली ग्रीक नावे, त्यांत देवतांची नावे असूनही, टाकली नव्हती, हा त्यामागील युक्तिवाद होता. म्हणूनच या मंडळीच्या पटावर कृष्ण, गोकुळ, पीतांबर अशी नावे शेवटपर्यंत दिसतात.

या सामुदायिक घराची एक काळी बाजूही आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी यांचे मन मदनावतीला पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावल्यानंतर ढळले, ते पुन्हा ताळ्यावर आले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंतची बारा-तेरा वर्षे त्या संशयाने ग्रासलेल्या आणि अनेकदा खोलीत कोंडलेल्या अवस्थेत जगल्या. मुलांकडे लक्ष देण्यास कॅरी यांना सवड नव्हती. फेलिक्स आणि विल्यम या थोरल्या मुलांना वळण लावले ते वॉर्ड यांनी. धाकट्यांना सांभाळले ते हॅना मार्शमन यांनी. एकत्र घर होते म्हणून ती मुले निभावली हे खरे. परंतु ज्या बाईने हिंदुस्थानात येण्यास आधी स्पष्ट नकार दिला होता, तिची किंमत या कार्याच्या हिशेबात कोणीच धरली नाही, हेही तितकेच खरे आहे.

पंगत

२५ नोव्हेंबर १८०० रोजी सेरामपूरच्या कृष्ण पाल नावाच्या सुताराचा पाय घसरला आणि त्याचा खांदा निखळला. थॉमस यांना बोलावणे आले. कॅरी व मार्शमन यांच्या मदतीने त्यांनी खांदा बसविला आणि त्याच बैठकीत धर्माची गोष्टही काढली. कृष्ण पाल मिशनच्या घरी येऊ लागला. तो अगदी कोरा मनुष्य नव्हता. घोषपाड्याच्या कर्ताभजा पंथात तो कित्येक वर्षे होता आणि त्या पंथाच्या मेळ्यांत जातीपातीचा विधिनिषेध शिथिल असे. सेरामपूरच्या इतिहासात ही बाब सहसा तळटीपेत ढकलली जाते. वस्तुतः कृष्ण पालच्या पुढील वर्तनाचा उलगडा तिच्यामुळेच होतो. जातीबाहेर जेवण्याचा विचार त्याच्या मनात प्रथम मिशनऱ्यांनी पेरला असे मानण्याचे कारण नाही. गुपचूप जे घडत होते ते त्याने उघड्यावर केले, एवढाच फरक.

२२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण आणि गोकुळ हे दोघे मिशनऱ्यांच्या मेजावर सर्वांसमक्ष जेवले. नोकरांनी ती बातमी बाहेर नेली. सुमारे दोन हजारांचा जमाव कृष्ण पालच्या घरावर चालून आला आणि त्याला कुटुंबासह डॅनिश न्यायाधीशापुढे ओढत नेण्यात आले. आरोप कोणता ठेवावा हे मात्र कोणालाच सुचेना. न्यायाधीशाने त्यांना सोडून दिले. तेव्हा, त्याने आपली मुलगी ठरलेल्या वराच्या हवाली करण्याचे नाकारले, असा दुसरा आरोप पुढे आला. गव्हर्नरांनी घरावर शिपायाचा पहारा बसविला. लोकांचा क्षोभ धर्ममतावर नव्हता, तो पानावर होता. एखाद्याने ख्रिस्ताविषयी चांगले बोलावे, त्याला हरकत नव्हती. त्याने साहेबाच्या ताटाशेजारी ताट मांडून घेणे सहन होत नव्हते.

२८ डिसेंबर रोजी मिशनच्या घरासमोरील घाटावर हुगळीच्या पाण्यात कॅरी यांनी आपला मुलगा फेलिक्स आणि कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला. गव्हर्नर बी उपस्थित होते. युरोपीय, पोर्तुगीज वंशाचे लोक, हिंदू, मुसलमान असे सर्व काठावर जमले होते. गोकुळ आणि घरातील स्त्रिया त्या दिवशी माघारल्या. थॉमस यांना तर या आनंदाच्या भरात वेड लागले आणि त्यांना कोंडून ठेवावे लागले. पुढील काही आठवड्यांतच कृष्ण पालची मेहुणी जयमणी मंडळीत आली. बाप्तिस्मा घेतलेली ती पहिली बंगाली स्त्री मानली जाते. कृष्ण पालने आपल्या जागेत स्वखर्चाने उपासनेसाठी एक लहानसे घर बांधले. मिशनऱ्यांच्या दालनाबाहेर, बंगाली माणसाने बंगाली माणसांसाठी उभारलेली ही उपासनेची जागा हे मंडळी रुजू लागल्याचे लक्षण होते.

याची झळ कुटुंबाला लागलीच. कृष्ण पालची मुलगी गोलोक हिचे लग्न बालपणीच ठरले होते. तिला रस्त्यातूनच धरून जबरदस्तीने कलकत्त्यास नेण्यात आले. काही काळाने ती परतली आणि मंडळीत आली. पण त्या काळात सुताराच्या घरावर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना करता येते.

लग्न आणि खांदा

१८०२ मध्ये पीतांबर सिंग हा कायस्थ आणि १८०३ च्या आरंभी कृष्णप्रसाद हा तरुण ब्राह्मण मंडळीत आला. वरच्या जातीचे लोक आत आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. दक्षिणेत तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनने जातिभेद ही सामाजिक रूढी म्हणून चालू दिली होती. तेथे उपासनेत वेगवेगळ्या बैठका असत. सेरामपूरकरांनी हा मार्ग नाकारला. प्रभुभोजनाच्या वेळी पेला आधी शूद्र मानल्या गेलेल्या सुताराकडे आणि त्यानंतर ब्राह्मणाकडे गेला. तो योगायोग नव्हता. जानवे काढण्याची सक्ती मात्र आरंभी करण्यात आली नाही. उष्ट्या पेल्याचा आग्रह आणि जानव्याची मुभा या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर मंडळीला खूण महत्त्वाची वाटत नव्हती, व्यवहार महत्त्वाचा वाटत होता असे दिसते.

रोटीव्यवहारानंतर बेटीव्यवहार आला. एप्रिल १८०३ मध्ये कृष्णप्रसादाचा विवाह कृष्ण पालची दुसरी मुलगी आनंदा हिच्याशी झाला. सुताराच्या घरासमोर झाडाखाली चटया अंथरल्या होत्या. कॅरी यांनी विवाह लावला, वधूवरांनी कागदावर सह्या केल्या आणि संध्याकाळी मिशनरी कुटुंबे सुताराच्या घरी बंगाली पद्धतीचे जेवण जेवली. ब्राह्मण वर आणि सुताराची मुलगी यांचा असा उघड, साक्षीदारांसमक्ष विवाह त्या गावाने पूर्वी पाहिला नसावा. मिशनऱ्यांनी कृष्ण पालला आपल्या मेजावर बसविले होते ते १८०० मध्ये. त्याच्या दारी ते पाहुणे म्हणून जेवले ते या प्रसंगी. या दोन जेवणांत दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण यजमानपण आता सुताराकडे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गोकुळ वारला. जातीचे लोक प्रेताला हात लावणे शक्य नव्हते. मेलेल्याला उचलणार कोण, हा वाळीत पडलेल्या माणसाच्या आयुष्यातील अखेरचा आणि सर्वांत लाजिरवाणा प्रश्न असतो. सेरामपूरला ख्रिस्ती प्रेते वाहून नेण्यासाठी पैसे देऊन दारुडी माणसे बोलावण्याची रीत होती. मंडळीने ती मोडली. गोकुळच्या पेटीला एका बाजूने मार्शमन आणि फेलिक्स कॅरी यांनी, तर दुसऱ्या बाजूने भैरव हा मूळचा ब्राह्मण आणि पीरू हा मूळचा मुसलमान यांनी खांदा दिला. दफनासाठी मंडळीने जमीन विकत घेतली होती. बघ्यांची गर्दी मोठी होती, आणि ती गप्प होती असे मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

पोटापाण्याचा प्रश्न आणि सेवाकार्य

जात गेली म्हणजे धंदाही जाई. बलुत्याच्या व्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला हे सहज पटेल. गिऱ्हाईक तुटे, घरमालक घर खाली करावयास लावी, सावकार तोंड फिरवी. अशा माणसांना मंडळीने काम दिले ते बहुतांशी छापखान्यात, टंक ओतण्याच्या शाळेत, पुस्तकबांधणीत आणि पुढे कागद गिरणीत. छापखान्यातील कुशल कारागिरी मात्र मंडळीबाहेरील लोकांच्या हाती होती. पंचानन कर्मकार या लोहाराने आणि त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर याने बंगाली, देवनागरी व इतर लिप्यांचे टंक घडविले. मनोहर शेवटपर्यंत हिंदूच राहिला, आणि त्याने घडविलेल्या टंकांनी शुभवर्तमाने छापली गेली. कागद गिरणीत पायांनी चाक फिरविण्याचे काम माणसेच करीत. त्यात एका मजुराचा जीव गेल्यावर इंग्लंडहून बारा अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र मागविण्यात आले व ते १८२० मध्ये सुरू झाले. हिंदुस्थानात चाललेल्या पहिल्या वाफेच्या यंत्रांत त्याची गणना होते.

या व्यवस्थेचा दोषही येथेच आहे. मंडळीचा सभासद हाच मिशनचा नोकर असल्याने पाळक आणि मालक एकच झाले. मंडळीतून वगळणे ही त्या काळी नेहमीची शिस्त होती. अनेकांना वगळले जाई आणि पश्चात्तापानंतर परत घेतले जाई. ज्याची भाकर मिशनच्या हाती, त्याचा पश्चात्ताप किती मोकळा असेल? धर्मांतरितांनी आपापल्या मूळ धंद्यातच राहावे असा प्रारंभीचा हेतू होता, पण समाजाच्या बहिष्काराने तो पुष्कळ अंशी विफल केला. या परावलंबनाचे खापर एकट्या मिशनवर फोडणे न्याय्य होणार नाही आणि मिशनला त्यातून पूर्ण मोकळे करणेही बरोबर नाही.

कलकत्त्यातील कार्याला वेगळे वळण मिळाले. तेथे लाल बाजारात, दारूची दुकाने व खलाशांचे अड्डे असलेल्या वस्तीत, १ जानेवारी १८०९ रोजी बाप्टिस्ट उपासनामंदिर उघडले. कृष्ण पाल आता उपदेशक म्हणून कलकत्त्यात घरोघर आणि तुरुंगात फिरत असे. या मंदिराच्या आसपास जी गरिबी होती ती मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांची. नाव ख्रिस्ती, घरात अन्न नाही, मुले रस्त्यावर, आणि कंपनी सरकारच्या दृष्टीने त्यांची गणना ना साहेबांत ना देशी लोकांत. त्यांच्या मुलांसाठी १८१० मध्ये एक मोफत धर्मादाय विद्यालय काढण्यात आले. लवकरच तेथे आर्मेनियन, चिनी, हिंदू, मुसलमान अशी नाना तऱ्हेची मुले येऊ लागली. थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्यांना शिकवावे या लँकेस्टर पद्धतीने तेथील अध्यापन चाले. ही पद्धत इंग्लंडहून आली असे म्हटले जाते. पण तिचे एक मूळ मद्रासेतच आहे. तेथील देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहून अँड्र्यू बेल यांनी ती इंग्लंडला नेली होती.

या मंदिराचा महाराष्ट्राशी एक आडवळणाचा पण खरा संबंध आहे. १८१२ मध्ये अमेरिकन मिशनरींची पहिली तुकडी कलकत्त्यास आली. त्यातील अडोनिराम जडसन यांनी प्रवासात बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत बदलले आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी लाल बाजारच्या मंदिरात पत्नीसह वॉर्ड यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मात्र आपले मत बदलले नाही. कंपनीच्या हद्दपारीच्या हुकमाला हुलकावणी देत ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. सेरामपूरहून आलेले मराठी शुभवर्तमान त्यांनी मुंबईत वापरून पाहिले. त्याची भाषा नागपूरकडील वळणाची आणि कोकणपट्टीत न समजणारी निघाल्याने त्यांना भाषांतर नव्याने करावे लागले.

लाल बाजारची शाळा सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच ११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे टंक आणि कॅरी यांची हस्तलिखिते जळाली. नुकसान दहा हजार पौंडांच्या घरात गेले. टंकांचे साचे वाचले होते. कारागिरांनी पाळ्या लावून ते काम पुन्हा उभे केले. इंग्लंडमध्ये बातमी पोहोचल्यावर सुमारे दोन महिन्यांत तेवढी रक्कम वर्गणीतून जमली. ही गोष्ट गौरवाने सांगितली जाते. पण तिचा एक परिणाम असा की, सेरामपूरच्या मालमत्तेत आपलाही पैसा आहे ही जाणीव इंग्लंडमधील समितीत बळावली.

शाळांच्या कार्याचा विस्तार १८१६ नंतर झपाट्याने झाला. मार्शमन यांनी देशी शाळांची एक योजना मांडली आणि दोनएक वर्षांत गावोगावच्या शाळांची संख्या शंभराच्या आसपास गेली. शिक्षक बहुधा गावातलेच असत. मातृभाषेतून वाचन, लेखन, हिशेब, थोडा भूगोल व ज्योतिष असा अभ्यासक्रम होता. स्त्रीशिक्षणाकडेही लक्ष वळले. १८१९ मध्ये कलकत्त्याच्या बाप्टिस्ट स्त्रियांच्या पुढाकाराने मुलींच्या शाळांसाठी संस्था निघाली. १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज सुरू झाले तेव्हा पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत १९ ख्रिस्ती आणि १४ सवर्ण हिंदू होते. प्रवेशासाठी धर्माची अट नव्हती. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला.

शारीरिक यातनेचा प्रश्नही सतत दाराशी येत होता. १८१२ मध्ये काटवा येथे एका महारोग्याला जिवंत जाळताना कॅरी यांनी पाहिले आणि पुढे कलकत्त्यात महारोग्यांसाठी रुग्णालय काढण्याच्या कामात ते पडले. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनी १८०३ मध्येच माणसे नेमून मोजदाद करविली होती. कलकत्त्याभोवतीच्या तीस मैलांत त्या एका वर्षात ४३८ स्त्रिया जाळल्या गेल्या असा तिचा आकडा होता. सरकारने ४ डिसेंबर १८२९ रोजी बंदीचा कायदा केला. त्याचा बंगाली अनुवाद करण्याचे काम कॅरी यांच्याकडे रविवारी सकाळी आले. त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून ते संध्याकाळपर्यंत भाषांतरास बसले. विलंबाच्या एकेका तासात एखादी बाई चितेवर जाईल, हा त्यांचा हिशेब होता.

खजिन्याचे भांडण

सामायिक खजिना हे या मंडळीचे बळ होते आणि भांडणही त्यावरूनच झाले. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना ज्येष्ठांची मक्तेदारी जाचू लागली. त्यांत कॅरी यांचा पुतण्या युस्टेस कॅरी होता. १८१७-१८ च्या सुमारास हे तरुण वेगळे होऊन कलकत्त्यात स्वतंत्रपणे राहू लागले. सेरामपूरची मालमत्ता कोणाच्या नावावर असावी, यावरून इंग्लंडच्या समितीशी दीर्घ पत्रव्यवहार आणि त्याहून दीर्घ बदनामी चालली. ज्यांनी आपल्या कमाईतील बहुतेक सर्व पैसा निधीत ओतला, त्यांच्यावरच संपत्ती साठविल्याचे आरोप झाले. मार्शमन यांचा स्वभाव करडा होता. तो या वादात उपयोगी पडला नाही. वॉर्ड हे समजुतीचे गृहस्थ होते, पण ते ७ मार्च १८२३ रोजी पटकीने गेले. आदल्याच वर्षी कृष्ण पालही पटकीनेच गेला होता. १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी यांची फारकत झाली. शनिवारच्या संध्याकाळी भांडण मिटविण्याचा नियम लंडन आणि सेरामपूर यांच्यातील अंतराला लागू पडण्यासारखा नव्हता.

यानंतरचे संकट पैशाचे होते. जानेवारी १८३० मध्ये पामर आणि कंपनी ही कलकत्त्याची बडी पेढी बुडाली आणि तिच्या मागोमाग इतर पेढ्याही गेल्या. मंडळीच्या व शाळांच्या ठेवी त्यांत अडकल्या होत्या. त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकपदे रद्द झाली आणि कॅरी यांचे उत्पन्न निम्म्यावर आले. अनेक शाळा बंद कराव्या लागल्या. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारले. आपल्याला दुसऱ्या पत्नी शार्लट यांच्या शेजारी पुरावे आणि अंत्यविधी अगदी साधा असावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. याच शार्लट रूमर यांनी आपले स्वतःचे घर मिशनला देऊन त्याचे भाडे देशी उपदेशकांच्या निर्वाहासाठी लावून दिले होते.

डिसेंबर १८३७ मध्ये लंडनला समेट झाला आणि सेरामपूरचे कार्य पुन्हा सोसायटीत विलीन करण्याचे ठरले. ती वार्ता बंगालला पोहोचण्यापूर्वीच, ५ डिसेंबर रोजी, जोशुआ मार्शमन यांचे निधन झाले होते. हॅना मार्शमन त्यानंतर सुमारे नऊ वर्षे जगल्या. १८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले, त्याच्याही त्या साक्षीदार होत्या. लाल बाजारचे मंदिर आता कॅरी बाप्टिस्ट चर्च या नावाने ओळखले जाते आणि तेथे उपासना चालते. सेरामपुरात मिशनच्या दफनभूमीत कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांच्या समाध्या आहेत.